आजोबांच्या जीपला टायमिंग चेन घालू की गिअर?

देवगड तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"आमच्या घरी आजोबांची विलीज जीप आहे. लष्कराने विकायला काढलेल्या गाड्यांतली त्यांनी घेतली होती, आरसी बुकात १९४४ साल आहे. वडील असेपर्यंत ती कलमांच्या बागेतून आंब्याच्या पेट्या रस्त्यापर्यंत आणायची. गेली चार वर्षं मांगरात (बागेतल्या शेडमध्ये) उभी होती. परवा चालू केली तर इंजिनाच्या पुढच्या अंगाला खडखड येते, तापल्यावर वाढते, आणि फोंडा घाटात दुसऱ्या गिअरलाही गाडी दम टाकते. इंजिन पूर्ण बांधायचं ठरवलं आहे. कुडाळचे मिस्त्री म्हणतात, टायमिंग चेन काढून गिअर बसवू. मावसभावाचा ट्रॉलर आहे, तो म्हणतो, 'गिअर घाल आणि गप रव, आयुष्यात परत उघडूचा लागाचा नाय.' अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले, त्यांतही गिअरचंच कौतुक. चेनचा नवा संच मात्र निम्म्या किमतीत मिळतोय. गणपतीला गाडी दारात चालू उभी हवी आहे. काय करू?"

सप्रेम नमस्कार.

मांगरातली गाडी भंगारवाल्याला न देता तुम्ही बांधायला काढलीत, याचा मनापासून आनंद झाला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारणं मग. इंजिनात आज चेन असेल तर नवी चेनच घाला. गिअर असतील तर गिअरच घाला. एकातून दुसऱ्यात जाऊ नका. आणि कव्हर उघडून आत काय आहे ते डोळ्यांनी बघेपर्यंत एक रुपयाचंही सामान विकत घेऊ नका.

क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, आणि कॅमशाफ्ट (थोडक्यात कॅम) म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा दांडा. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक व्हायला हवी. चेन असो वा गिअर, दोघांचं काम हेच. फरक आहे तो दिशेचा. सायकलची चेन आठवा: पायडलचं चाक ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला मागचं फिरतं. आता उसाच्या रसाचा चरक आठवा. त्याचे दोन लाट एकमेकांच्या उलट फिरतात, कारण त्यांचे दाते थेट एकमेकांत अडकलेले असतात. तुमच्या इंजिनातही तसंच. चेनवर कॅमशाफ्ट क्रँकच्या दिशेने फिरतो, थेट गिअरवर उलटा.

आता चेनसाठी बनवलेला कॅमशाफ्ट गिअर लावून उलटा फिरवला तर काय होईल? या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे. कॅम उलटा फिरला की व्हॉल्व्ह १-२-४-३ अशा क्रमाने चालायला लागतील, सक्शन आणि एक्झॉस्टची आगमागही बिघडेल. ऑइल पंप कॅमवरूनच चालतो, म्हणजे पंपही उलटा, आणि उलटा पंप ऑइल चढवणार नाही. म्हणून गिअर घालायचे तर कॅमशाफ्ट वेगळा लागतो, ऑइल पंप वेगळा लागतो. कॅमशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारी व्यवस्था वेगळी लागते, पुढची प्लेट आणि कव्हर वेगळं लागतं, आणि गिअरवर ऑइलची धार सोडणारा जेट आणि त्याला ऑइल पोचवणारं ब्लॉकमधलं भोकही लागतं. मिस्त्री "गिअर बसवू" म्हणतात तेव्हा दोन गिअरच्या जोडीची किंमत सांगत असतील. खरा खर्च या सगळ्या यादीचा आहे. नव्या चेनच्या दुप्पट किमतीत तो भागणार नाही.

तुमच्या मिस्त्रींना मी दोष देत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या बहुतेक पेट्रोल जीपमध्ये त्यांनी गिअरच पाहिले असणार. विलीजच्या २१९९ सीसीच्या एल-१३४ इंजिनात युद्धकाळात चेन होती. १९४६ मध्ये कारखान्याने त्याच इंजिनात गिअर आणले. पुढे सक्शन व्हॉल्व्ह हेडमध्ये गेलेलं एफ-१३४ आलं, तेही गिअरचं, आणि महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलेल्या सीजे-३बी मध्ये तेच होतं. त्यामुळे कोकणात जीप म्हटली की टायमिंगला गिअर, हे मिस्त्रींच्या अनुभवातून आलेलं आहे. तुमची गाडी त्यांच्या आधीच्या पिढीची आहे, एवढंच.

आणि म्हणूनच आरसी बुकावर विसंबू नका. ऐंशी वर्षांत एखाद्या उन्हाळ्यात ब्लॉक फुटला असेल, आजोबांनी किंवा वडिलांनी दुसरं इंजिन बसवलं असेल आणि घरात कोणाला आठवतही नसेल. बुकात १९४४ आणि बॉनेटखाली पन्नासच्या दशकातलं इंजिन, अशा जीप मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

मावसभावाचं म्हणणं त्याच्या बोटीपुरतं अगदी खरं आहे. बोटीवरच्या बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनात टायमिंगला गिअरच असतात आणि ते योग्यच आहे, कारण त्याच गिअरवर डिझेलचा पंप चालतो. हा पंप प्रत्येक सिलिंडरसाठी प्रचंड दाबाने डिझेल ढकलतो. त्याचा झटका दर वेळी मागे गिअरवर बसतो, आणि डिझेल नेमक्या अंशाला पडलं नाही तर इंजिन धूर ओकतं. तिथे चेन सैल पडून चालणार नाही. शिवाय बोट एकदा समुद्रात गेली की इंजिन दिवसचे दिवस जवळपास एकाच वेगावर चालतं. तुमच्या जीपचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उचलतो, ऑइल पंप आणि पेट्रोल पंप चालवतो, डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) फिरवतो. हा भार त्यामानाने किरकोळ, आणि गाडी वर्षाला धावणार ती बाग ते रस्ता, फार तर कणकवलीपर्यंत. तेवढ्याला चांगली चेन कितीतरी वर्षं पुरते.

व्हिडिओंबद्दल. अमेरिकेत जुन्या व्ही-८ इंजिनांना चेनऐवजी बसवायचे गिअरचे तयार संच मिळतात हे खरं. त्यांत क्रँक आणि कॅमच्या मधे आयडलर गिअर असतो. मधलं चाक आलं की दिशा पुन्हा सरळ होते आणि मूळ कॅमशाफ्ट तसाच राहतो. तुमच्या इंजिनात कारखान्याने गिअर आणले ते थेट, मधे आयडलर नाही. म्हणून तिथला सल्ला इथे लागू पडत नाही.

चेनच्या बाजूने आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. एल-१३४ हे साइड व्हॉल्व्हचं इंजिन आहे. दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये आहेत, पिस्टनच्या डोक्यावर नाहीत. उद्या चेन तुटलीच तर गाडी जागेवर उभी राहील, पण पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटणार नाहीत. नव्या गाड्यांत टायमिंग तुटलं की अर्धं इंजिन जातं, ती भीती इथे बाळगू नका.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. खडखड आणि घाटातला दम, दोन्ही ढिल्या चेनमुळे होऊ शकतात. चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यातली पिन थोडी थोडी झिजते आणि सगळ्या सांध्यांची झीज मिळून चेन लांब होते. या इंजिनात चेन ताणून धरणारा टेन्शनर नाही, त्यामुळे ढिलाई तशीच राहते. कॅम मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा चालतात. डेल्को ऑइल पंपाच्या शाफ्टवर चालतो आणि पंप कॅमवर, म्हणून ठिणगीही उशिरा पडते. खालच्या वेगाची ताकद जाते, आणि घाटात लागते ती नेमकी तीच.

इंजिन न उघडता ही ढिलाई घरच्या घरी मोजता येते. चारही प्लग काढा, डेल्कोची टोपी काढा. हँडलने इंजिन सरळ दिशेला थोडं फिरवा, टोपीखालचा रोटर फिरताना दिसला की थांबा आणि क्रँकच्या पुलीवर आणि समोर कव्हरवर खडूने एकासमोर एक रेघ मारा. हँडल उलटं फिरत नाही, म्हणून गाडी सपाट अंगणात टॉप गिअरमध्ये टाका आणि दोघांना हळूहळू मागे ढकलायला सांगा. तुम्ही मात्र रोटरवरची नजर काढू नका. रोटर जरा जरी हलला की "थांब" म्हणा. पुलीवरची रेघ जेवढी सरकली तेवढी एकूण ढिलाई. पुलीभोवती दोरा गुंडाळून तो मोजा, त्याला ३६० ने भागा, एका अंशाला किती मिलिमीटर ते निघेल. पाच अंशांच्या आत असेल तर टायमिंग चांगलं आहे आणि आवाज दुसरीकडे शोधायला हवा. दहाच्या वर असेल तर चेन संपली. मधे कुठे असेल तर इंजिन उघडतच आहात, बदलून टाका. या मापात पंपाच्या आणि डेल्कोच्या सांध्यांतली ढिलाईही थोडी मिसळलेली असते, हे लक्षात असू द्या.

माप कमी आलं तर पुढच्या अंगाचे आवाज करणारे बाकीचे सोबती तपासा. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग, डायनॅमोचे बुश, सैल पंखा. पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालवलं तर या तिघांचा निकाल लागतो. चेनच्या इंजिनात आणखी एक जागा आहे. टायमिंग कव्हरच्या आत स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा प्लंजर असतो, तो कॅमशाफ्टला मागे दाबून धरतो. ती स्प्रिंग मेली की कॅमशाफ्ट पुढे-मागे हलून टकटक करतो आणि लोक चेनवर संशय घेतात. कव्हर काढाल तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. चेन घासत असेल तर तिथे चकचकीत चरा सापडेल.

आणि उघडल्यावर चेनऐवजी गिअर दिसले, तर? मग कॅमशाफ्टचा मोठा गिअर बहुधा फायबरचा असेल. तो आवाज कमी करतो, म्हणून कंपनीने तसा दिला होता. याबाबतीत माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण "गिअर घातले की बघायला नको" हा समज माझाही होता.

माझी सीजे-३बी रत्नागिरीच्या एका गॅरेजात बांधून घेतली होती. काही महिन्यांनी कोल्हापूरला निघालो. साखरपा सोडलं, आंबा घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी एकदम बंद पडली. झटका नाही, फटका नाही, दिवा विझावा तशी. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरलं. प्लगला ठिणगी नाही. डेल्कोची टोपी काढली आणि सोबतच्या भाच्याला सेल्फ मारायला सांगितलं. खाली पंखा फिरतोय आणि रोटर स्तब्ध. तेवढ्यावरून कळलं. साखरप्यापर्यंत गाडी ओढून आणली, कव्हर उघडलं, तर फायबर गिअरचे ओळीने आठ-दहा दाते मुळापासून उडालेले आणि उरलेले कोरडे, करपल्यासारखे तपकिरी. गिअर तसा जुना नव्हता. मग ऑइलचा जेट काढला. त्याच्या सुईएवढ्या भोकात पॅकिंगला लावायच्या सोल्युशनची एक रबरी तार अडकली होती. कव्हर बसवताना कोणीतरी सोल्युशन हात सैल सोडून लावलं होतं, त्यातलं जास्तीचं आत सुटलं, आणि काही महिने तो गिअर ऑइलवाचून फिरत राहिला.

म्हणून गिअर निघाले तर तो जेट काढा, पातळ तारेने साफ करा, हवा मारा. परत बसवताना त्याची धार दोन गिअर जिथे एकमेकांत शिरतात त्याच्या किंचित अलीकडे कॅमच्या गिअरवर पडेल अशी दिशा धरा. सोल्युशन बोटाला लागेल इतकंच पुरे. दाते उडालेले सापडले तर चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून ऑइलची जाळी धुतल्याशिवाय इंजिन चालू करू नका. फायबरचा चुरा थेट तिथेच जाऊन बसतो. फायबर की धातू, असं कोणी विचारेल, तर माझं मत नव्या फायबरच्या बाजूने आहे. धातूचा गिअर टिकतो, पण त्याची घरघर ऐकून पुढे खरा बिघाड झाला तरी ओळखता येत नाही.

लेथवाल्याकडे ब्लॉक द्याल तेव्हा एक गोष्ट आधीच बोलून घ्या. मेन बेअरिंगची लाइन बोअर करायची का, म्हणजे क्रँक ज्यांत बसतो ती भोकं एका रेषेत पुन्हा कापायची का, असं तो विचारेल. नव्या शेलवर क्रँक हाताने गुळगुळीत फिरत असेल तर नको म्हणा. लाइन बोअर करताना क्रँक केसाएवढा का होईना वर, कॅमच्या दिशेने सरकतो. चेनच्या इंजिनात मग नवी कोरी चेनही पहिल्या दिवसापासून ढिली बसते. गिअरच्या इंजिनात दाते एकमेकांत रुततात आणि गाडी किंचाळते. या गिअरमधली मोकळीक शून्य ते दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) एवढीच लागते, तिथे केसही मोठा असतो. करावीच लागली तर ती किती केली ते कागदावर लिहून घ्या.

चेन एकटी बदलू नका. दोन्ही चक्रांसह पूर्ण संच घ्या, जुन्या झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर खराब होते. दुकानात "१९४४ च्या जीपची" असं न म्हणता जुना संच हातात घेऊन जा आणि शेजारी ठेवून बघा. ऑइल पंप घेताना तर हे फारच महत्त्वाचं. चेनच्या इंजिनाचा आणि गिअरच्या इंजिनाचा पंप दिसायला भावंडं आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नवी चेन रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. दोन्ही चक्रांवरच्या खुणा एकमेकींसमोर, दोन्ही शाफ्टच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेत आणा, चेन बसवा, आणि हाताने क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या मारून खुणा परत तिथेच येतात ना ते पाहा. कव्हर लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पंप बसवताना त्याच्या शाफ्टची खाच एक दाता इकडेतिकडे गेली तर ठिणगीचं टायमिंग जुळणार नाही, आणि मिस्त्री चेनमध्ये चूक शोधत बसतील. पंप ऑइलने भरूनच बसवा.

समुद्राजवळच्या घरात काम काढताय, तेही पावसात. लेथवरून घासून आलेला क्रँक देवगडच्या हवेत एका रात्रीत तांबूस होतो. मशीन शॉपमधून उचलतानाच त्याला जाड ऑइल चोपडा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि जुळणीच्या दिवशीच उघडा. चेन आणि चक्रांनाही तीच काळजी.

पेट्रोल पंपाचा पडदाही याच वेळी बदला. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पडदा फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पाण्यासारखं होतं, आणि त्या ऑइलवर चेन काय आणि गिअर काय, कोणीच टिकत नाही. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा मागून घ्या, आणि अधूनमधून डिपस्टिक नाकाशी धरण्याची सवय ठेवा.

राहिला गणपतीचा मुहूर्त. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या ६१ दिवसांत किनाऱ्यावरचा प्रत्येक चांगला फिटर आणि लेथवाला बोटींच्या इंजिनांत बुडालेला असतो. नारळी पौर्णिमेआधी त्यांना बोटी पाण्यात उतरवून द्यायच्या असतात. त्या गर्दीत तुमच्या ब्लॉकला घाईचा हात लागावा असं मला वाटत नाही. आत्ता ढिलाई मोजा, कव्हर उघडा, संच मागवा. ब्लॉक मात्र नारळी पौर्णिमेनंतर लेथवर जाऊ द्या, मग तो दसऱ्याला तयार झाला तरी चालेल. गणपतीला जीप दारात उभी राहू दे, धुऊन, हार घालून, इंजिनाशिवाय. चालू होईल तेव्हा पहिले पाचशे किलोमीटर जामसंडे, तळेबाजार, नांदगाव असेच फिरा, पेट्या रिकाम्या ठेवून, आणि मग ऑइल बदलून फोंडा घाटाला लावा.